मन लागेपर्यंत थांबू नकोस

अगं, आधी एक गोष्ट सांगून टाकते. प्रार्थनेत मन लागत नाही हे तू ज्या अपराधी चेहऱ्यानं सांगतेस ना, त्याची मुळीच गरज नाही. चर्चमध्ये पुढच्या बाकावर डोळे मिटून बसलेल्या मावशींनाही एकदा विश्वासात घेऊन विचार. मिस्सा चालू असताना अर्धा वेळ त्यांच्या डोक्यात दुपारचं कालवण आणि धाकट्याची फी घोळत असते. पण मन लागत नाही म्हणून त्या घरी बसत नाहीत, एवढाच काय तो फरक.

तुमच्या वयाच्या मुलींचं काय होतं, ते मी बघते ना. रिट्रीटला जाता. तिथं गिटार असते, गाणी असतात, शेवटच्या रात्री सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. परत आल्यावर पंधरा दिवस पहाटे उठून बायबल वाचता. मग ऑफिसच्या कामाचा रेटा सुरू होतो, लोकलची धक्काबुक्की, रात्री उशिरापर्यंतचे कॉल, आणि एक दिवस लक्षात येतं की बायबलवर धूळ बसलीय. लगेच नवीन काहीतरी शोधायला लागता. एखादं ॲप, एखादा पॉडकास्ट, यूट्यूबवरचा नवा प्रवचनकार. मनाला उभारी येते त्यात वाईट काहीच नाही. पण उभारीच्या भरवशावर भक्ती चालवली, तर उभारी ओसरली की भक्तीही बसते.

आपल्या जुन्या साधना नेमक्या या ओसरलेल्या दिवसांसाठी आहेत बघ. उत्साह असताना कुणालाही प्रार्थना सुचते. नसताना काय करायचं, यावर आपल्या माणसांनी सोळा-सतराशे वर्षं डोकं चालवलंय.

इव्हाग्रियस नावाचा एक साधक चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहायचा. इतर संन्यासी कशानं बेजार होतात ते त्यानं बारकाईनं टिपून ठेवलंय. भर दुपारी एक कंटाळा येतो, तो सगळ्यांत वाईट, असं तो सांगतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधक सारखा खिडकीबाहेर डोकावतो, खोलीच्या बाहेर येऊन जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे ते उन्हावरून बघतो, कुणी गप्पा मारायला येतंय का म्हणून इकडंतिकडं मान वळवतो. मग त्याला वाटायला लागतं की जागाच चुकली, काम चुकलं, माणसंही प्रेमळ नाहीत, दुसरीकडं गेलो तर देव पटकन सापडेल. आता सांग, हा माणूस तुझ्यामाझ्यापेक्षा वेगळा आहे का? तो खिडकीत डोकावायचा, आपण फोनमध्ये डोकावतो. त्यानं दिलेला उपायही साधाच होता: जागा सोडू नकोस.

संत इग्नेशियस लोयोलांनी हेच आणखी नेमकं करून ठेवलं. 1521 मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्यांचा पाय मोडला आणि ते कित्येक महिने अंथरुणाला खिळले. वाचायला शौर्याच्या कादंबऱ्या मागितल्या, तर त्या घरात नव्हत्या. होतं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या ते दिवास्वप्नं बघत. कधी दरबार, लढाया, एखाद्या उच्चकुलीन स्त्रीची मर्जी. कधी संतांसारखं जगणं. दोन्ही स्वप्नं गोडच वाटायची. पण पहिल्यानंतर मन कोरडं पडायचं आणि दुसऱ्यानंतर समाधान टिकायचं, हा फरक त्यांच्या ध्यानात आला. पुढं 1548 मध्ये पोपमहाशयांची मान्यता मिळालेलं त्यांचं साधनांचं छोटेखानी पुस्तक याच निरीक्षणातून उभं राहिलं. त्यात एक नियम आहे, तो तू गाठीशी बांधून ठेव. मन उदास आणि कोरडं असताना आधी ठरवलेलं काही बदलायचं नाही. बरं वाटत असताना जे ठरवलं, ते वाईट वाटत असताना मोडायचं नाही.

आता तू विचारशील, हे सगळं ठीक आहे ताई, पण करायचं काय?

सुरुवात रात्रीपासून कर. इग्नेशियसांनी दिलेलं दिवसाचं आत्मपरीक्षण करायला दहा मिनिटं पुरतात, आणि त्यासाठी ना पुस्तक लागतं, ना देवघर. त्यांच्या येशूसंघात दाखल झालेल्या तरुणांना अभ्यास फार असायचा, म्हणून इग्नेशियसांनी त्यांच्यावर तासन्‌तास प्रार्थनेचं ओझं टाकलं नाही. पण दिवसातून दोनदा हे परीक्षण मात्र ठेवलं. कामात बुडालेल्या माणसासाठी ते आहे, हे यावरूनच कळतं.

त्याच्या पाच पायऱ्या आहेत. पहिली, आभार. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ असं ढोबळ नको. आज खिडकीची जागा मिळाली, शेजारच्या बाईनं वसईपर्यंत बॅग मांडीवर धरली, आईनं डब्यात भुजिंग दिलं होतं, असं नाव घेऊन आभार मान. दुसरी, उजेड मागणं. माझा दिवस मला माझ्या नव्हे, तुझ्या नजरेनं दिसू दे, एवढंच. तिसरी, दिवस सकाळपासून पुढं सरकवत बघणं. घाई करायची नाही. अकराच्या मीटिंगमध्ये तुझी चूक दुसऱ्या मुलीच्या नावावर गेली आणि तू गप्प बसलीस, तिथं थांब. का गप्प बसलीस? बॉसची भीती होती, की ती मुलगी तुला तशीही आवडत नाही? संध्याकाळी आजीला औषध देताना ती तीच गोष्ट चौथ्यांदा सांगत होती आणि तू शांतपणे ऐकलीस, तिथंही थांब. ते बळ कुठून आलं? चौथी पायरी, जिथं चुकलं तिथं क्षमा मागणं. पाचवी, उद्याचं एकच काम ठरवणं: उद्या बॉसला खरं काय ते सांगायचं.

बस. मग झोप.

एक धोका सांगून ठेवते. हे परीक्षण म्हणजे स्वतःला झोडपायची संधी नाही. आपल्या मुलींना ती सवय फार. सुरुवात आभारांनी होते ती उगाच नाही. ज्या दिवशी स्वतःचा फार राग आला असेल, त्या दिवशी पहिल्या पायरीवरच जास्त वेळ काढ.

रात्रीचं हे अंगवळणी पडलं, की मग सकाळ. सकाळी बायबलचे तीन अध्याय उरकायचे नाहीत. एक छोटा उतारा घ्यायचा आणि तोच हळूहळू वाचायचा. ही रीत मठांतली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टांनी मठासाठी नियम लिहिले, त्यात रोज शास्त्रवाचनाला वेळ राखून ठेवला. बाराव्या शतकात गिगो नावाच्या कार्थुसियन मठाधिपतीनं त्या वाचनाची चार पायऱ्यांची शिडी केली: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवापाशी असणं.

मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढ. शेवटी बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट आहे. यरीहोच्या वाटेकडेला तो बसलाय, येशू चाललाय हे कळताच ओरडतो. लोक गप्प बस म्हणून दटावतात, तो आणखी मोठ्यानं ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावतो. तो अंगावरचा झगा टाकून उठतो. आणि मग येशू त्या आंधळ्यालाच विचारतो, तुझ्यासाठी मी काय करू? पहिल्यांदा नुसतं वाच. दुसऱ्यांदा वाचताना एखादा शब्द तुला धरून ठेवेल. कदाचित तू झग्यापाशी अडखळशील: भिकाऱ्याकडं तेवढी एकच वस्तू, तीही त्यानं टाकली. कदाचित दटावणाऱ्या गर्दीत तुला तुझाच आवाज ऐकू येईल. कदाचित त्या प्रश्नापाशी तू थबकशील, कारण येशूनं आज तुला विचारलं, तर काय मागायचं हे तुझं तुलाच ठाऊक नसेल. जे धरून ठेवेल, त्यावर त्याच्याशी बोल. आणि शेवटची दोन-तीन मिनिटं काहीच बोलू नकोस.

भाषा जड वाटत असेल, तर आपल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ घे. वसईच्या या माणसानं वर्षानुवर्षं खपून ते सोप्या मराठीत आणलं. आपल्या भाषेत देवाचं वचन यावं म्हणून लोकांनी काय काय केलंय, ते आठवलं की आपली पंधरा मिनिटांची कुरकूर फार लहान वाटते. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला आले, इथली भाषा शिकले आणि 1616 मध्ये ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापून घेतलं. आणि केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणायचं काम हाती घेतलं, ते आयुष्याच्या अखेरपर्यंत सोडलं नाही.

आता लोकलमधला वेळ. त्या गर्दीत डोळे मिटून मनन करायला मी तुला सांगणार नाही, पर्स जाईल. तिथं रोझरी चालते. तुझी आजी तांदूळ निवडता निवडता रोझरी म्हणायची ना, तेच. ओठांनी म्हणायचं, बोटांनी मणी मोजायचे आणि मनानं येशूच्या आयुष्यातला एकेक प्रसंग, म्हणजे एकेक रहस्य, धरायचा. प्रकाशाची पाच रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये त्यात घातली. त्यात काना गावातलं लग्न आहे, डोंगरावरचं रूपांतर आहे. मणी हलतात पण मन हलत नाही, अशी तुझी तक्रार असेल, तर लिझ्यूच्या संत तेरेझाचं ऐक. कार्मेल मठातली ही मुलगी चोविसाव्या वर्षी वारली आणि पुढं अख्ख्या जगाची लाडकी संत झाली. एकटीनं रोझरी म्हणणं आपल्याला अंगावर टोचणारं प्रायश्चित्ताचं साधन घालण्यापेक्षा अवघड जातं, असं तिनं स्वतःच लिहून ठेवलंय. तरी तिनं रोझरी टाकली नाही.

रोझरी तुला जमतच नसेल, तर पूर्वेकडच्या मठांतली येशूची प्रार्थना आहे. त्या बार्तीमयाचीच हाक ती: येशूचं नाव आणि दयेची विनवणी, श्वासाबरोबर, पुन्हा पुन्हा. अंधेरी येईपर्यंत तेवढंच. नगरकडच्या, पुण्याकडच्या माझ्या प्रॉटेस्टंट मैत्रिणी ना. वा. टिळकांची भजनं गुणगुणतात, तेही उत्तम. तोंडात देवाचं नाव आणि हातात काम, ही आपल्या मराठी मुलखाला नवी गोष्ट थोडीच आहे?

आणि स्वयंपाकघर? त्याबद्दल मला फार जिव्हाळा आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स होते. पूर्वी सैनिक, पायानं अधू. त्यांना मठाच्या स्वयंपाकघरात घातलं, आणि त्यांना स्वयंपाकाची मनापासून नावड! तिथं त्यांनी कित्येक वर्षं काढली. तव्यावरचं ऑम्लेट उलटायचं तेही देवाच्या प्रेमाखातर, असं ते सांगत. भांड्यांच्या खडखडाटात आणि चार जण चार गोष्टी मागत असतानाही आपण देवापाशी तितकेच असतो जितके गुडघे टेकल्यावर, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी त्यासाठी वेगळा वेळ काढला नाही, हातातलं काम देवाला सांगून सुरू केलं आणि सांगून संपवलं. तू लॅपटॉप उघडताना हेच कर. मेल पाठवण्याआधी एक क्षण थांब. निम्मे भडक मेल तिथंच पुसले जातील.

उपासाचं बोलायचं राहिलं. उपवासकाळ आला की आपल्याकडं दोन टोकं दिसतात. एक, नियम तंतोतंत पाळायचे: शुक्रवारी मटण-चिकन वर्ज्य, मग पापलेट आणि कोळंबीवर आडवा हात. नियमात बसतं बाई ते, नाही कोण म्हणतंय? पण उपासाच्या दिवशी जेवण नेहमीपेक्षा महाग पडलं, तर कुठंतरी चुकतंय. दुसरं टोक, उपास म्हणजे डाएट. राखेच्या बुधवारी सुरू करायचा आणि ईस्टरला वजन किती उतरलं ते बघायचं.

आपला नियम खरं तर सौम्य आहे. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार, हे दोन दिवस अठरा ते एकोणसाठ वयाच्या धडधाकट माणसांनी एकवेळ पोटभर जेवायचं. आजारी आणि गरोदर बायांनी करायचा नाही. तू ॲसिडिटीच्या गोळ्या घेतेस, तर हट्टानं उपाशी राहू नकोस, त्यात पुण्य नाही. येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात प्रार्थना, उपास आणि दानधर्म तिन्ही एकत्र सांगितलेत, आणि तिन्ही गुपचूप करायला सांगितलेत. यशया संदेष्टा तर देवाच्या वतीनं लोकांवर चिडतोच: उपास करता आणि मजुरांना पिळता? भुकेल्याला आपली भाकरी वाटणं हा देवाला हवा असलेला उपास. म्हणून हिशेब सोपा ठेव. शुक्रवारी बाहेरून मागवायचं बंद कर, ते पैसे वेगळ्या डब्यात टाक आणि घरी भांडी घासायला येणाऱ्या ताईंच्या मुलीच्या वह्यांना दे. इन्स्टावर त्याचा फोटो नको.

कुमसाराला, म्हणजे पापांच्या कबुलीला, मात्र टाळाटाळ करू नकोस. वर्षातून निदान एकदा, असं 1215 च्या लॅटरन परिषदेपासून चालत आलंय, पण ती खालची मर्यादा झाली. रात्रीचं परीक्षण करत असलीस, तर तिथं काय बोलायचं हा प्रश्नच येत नाही. ओळखीच्या फादरांपुढं लाज वाटते? शेजारच्या धर्मग्रामात जा, काही बिघडत नाही. आपल्या तोंडानं आपली चूक बोलून दाखवायची आणि क्षमेचे शब्द आपल्या कानांनी ऐकायचे, याची जागा कुठलंही ॲप घेऊ शकत नाही.

आता एक गंभीर गोष्ट. प्रार्थनेतला कोरडेपणा आणि आजार, यांत गल्लत करू नकोस. मदर तेरेसांना कित्येक दशकं देव जवळ असल्याची जाणीवच होत नव्हती. त्यांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लोक चकित झाले. पण त्या काळात त्या पहाटे उठत होत्या, मरणासन्न माणसांना उचलत होत्या, मठातल्या सिस्टरांना हसवत होत्या. तो कोरडेपणा. झोप उडालीय, अन्न जात नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर ते वेगळं. तेव्हा डॉक्टरांकडं जायचं आणि प्रार्थनाही चालू ठेवायची. ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाचं ऐकू नकोस, अगदी तो माइकवरून बोलत असला तरी.

आणि दमलेली असशील तर? प्रार्थनेत झोप लागली तर? तेरेझालाही लागायची. आईबापांना लेकरू जागं असतानाही आवडतं आणि झोपलेलं असतानाही, असं म्हणून ती मोकळी व्हायची. तूही हो.

बेनेडिक्टांनी आपल्या नियमांत बजावलंय, की प्रार्थना थोडक्यात आणि निर्मळ असावी. दिवसातून सात वेळा स्तोत्रं गाणाऱ्या मठाला हे सांगितलंय, मग तुझ्यामाझ्या दहा मिनिटांना कुणी कमी लेखायचं कारण नाही. मी वर एवढं सगळं सांगितलं, ते सगळं एकदम करायला घेऊ नकोस. जी सगळं एकदम सुरू करते, ती सगळं एकदम सोडते. रात्रीचं परीक्षण घे, वेळ ठरव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि उपवासकाळाची वाट न बघता आजच बस. महिनाभर कसं वाटतंय ते मला सांगायला येऊ नकोस, मी विचारणारही नाही. केलंस की नाही, एवढंच सांग.